हौदाच्या पायांना गेरू

आमच्या घराच्या मागे, पत्र्याच्या शेडखाली, एक हौद आहे. हौद हा घरातला शब्द. वस्तुतः तो लोखंडी नळ्यांच्या चौकटीवर ताणलेला, जाड निळ्या कापडाचा पोहण्याचा तलाव आहे. त्यासाठी जमीन खणावी लागत नाही, तो जमिनीवरच उभा राहतो. मुंबईला असलेल्या मुलाने तो मागवला. खोक्यातून आलेल्या नळ्या एकमेकींत खोचून आम्ही तो उभा केला, बोअरच्या पाण्याने भरला, आणि माझ्या पत्नीला माझा हात न धरता चालता येईल अशी एक जागा तयार झाली.

तिला काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा बहुतेक परत आली, डावा हात थोडा, डावा पाय त्याहून थोडा. महाडात चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत फिजिओथेरपीच्या ज्या बाईंकडे मी तिला नेत असे, त्यांनी सांगितले की छातीइतक्या पाण्यात चालवा, तिथे वजन पाणी उचलते. तिचे माहेर तुडीलचे. सावित्रीच्या काठावर वाढलेल्या बाईला पाण्यात चालायला शिकवावे लागत नाही. पण नदीत उतरण्याच्या वाटा आता तिच्या पायाला झेपणाऱ्या नाहीत, आणि नदीतल्या मगरींना तिच्या आजारपणाची दया येईल असेही नाही. आमचे घर पोलादपूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत. म्हणून हौद.

जमिनीवर ती पाऊल टाकते तेव्हा आधी खांदा उचलला जातो, मग कंबर, आणि पाय त्यांच्या मागून फरफटत येतो. पाण्यात असे होत नाही. ती उजवा हात काठाच्या नळीवर ठेवून कडेकडेने फिरते, आणि मध्येच केव्हातरी तो हात सोडते. हात सोडला की ती माझ्याकडे पाहत नाही. समोर पाहते.

हे पाहण्यात आनंद आहे, तो मी नाकारत नाही. परंतु आनंदाला आधी आणि नंतर बरेच काम असते. सकाळी जाळीने पाने आणि किडे काढायचे. विहिरीत टाकतात ती टीसीएलची पावडर बादलीत कालवून पाण्यात सोडायची. गाळणी धुवायची. मग तिच्या काखेत खांदा देऊन तिला शिडीवर चढवायचे, स्वतः आधी पाण्यात उतरून तिला घ्यायचे, आणि बाहेर येऊन पायरीवर बसून राहायचे. ती दमली की हेच सगळे उलट क्रमाने. ओला गाऊन पिळायचा, केस पुसायचे, अंगाला टाल्कम पावडर लावायची. सांगताना यात काही नाही. रोज करताना एक दिवस असा येतो की जाळी हातात घेण्याआधी माणूस ती थोडा वेळ नुसती पाहत उभा राहतो. माझ्या बाबतीत तो दिवस कधीच येऊन गेला होता, आणि त्याची दखल मी घेतली नव्हती.

शेजारी माझी चुलत वहिनी राहते. ती कुंपणापाशी थांबून आम्हाला बघायची.

"काय ओ भाऊजी, बायको पान्यात आनि तुमी काठाव. म्हस राखताव जनू."

पत्नी पाण्यातून म्हणायची, "म्हस दूध तरी देते गो."

मी हसायचो. हसणे हेही त्या कामांपैकीच एक होऊन बसले होते.

होळीच्या आधी एका सकाळी पाणी थोडे कमी करायचे म्हणून मी हौदाच्या मागच्या बाजूला, भिंत आणि चौकट यांच्या मधल्या अरुंद बोळात, तोटी उघडायला खाली बसलो. बसताना आधारासाठी चौकटीच्या एका उभ्या पायाला हात लावला, आणि पायाचा गेरू खपलीसारखा हातात आला.

गेरूबद्दल सांगायला हवे. आमच्याकडे पावसाळ्यात तांबड्या मातीचे शिंतोडे भिंतींवर गुडघाभर उडतात. पाऊस संपला की लोक भिंती धुतात, आणि तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला, ओट्याच्या कडेला गेरूचा हात देतात. गेल्या खेपेला पत्नीने वृंदावन स्वतः रंगवायचे ठरवले. खुर्चीवर बसून, मांडीवर वाडगा धरून, तिने उजव्या हाताने ते रंगवले, आणि उरलेला गेरू हौदाच्या पायांना लावला, प्रत्येक पायाला खालून गुडघ्याइतका. एक पाय झाला की मी खुर्ची पुढे सरकवायची. मागच्या बोळात खुर्ची मावत नव्हती, तर तिथे ती पाटावर बसून सरकत गेली. मला त्याचे फार कौतुक वाटले. आजारानंतर तिने आपणहून हाती घेतलेले ते पहिलेच काम. मी फोटो काढून मुलाला पाठवला. तांबडे मोजे घातलेला हौद, असे त्याने उत्तरात लिहिले.

आता त्या मोज्याखाली लोखंड नव्हते. होते ते लोखंडाचे पदर: तपकिरी, ओलसर, नखाने सुटणारे. मी घरातून स्क्रू-ड्रायव्हर आणला. त्याच्या मुठीने प्रत्येक पायावर खालपासून वरपर्यंत ठोकत गेलो. पुढचे पाय खणखणीत बोलले. मागच्या बाजूचे काही बसक्या आवाजात बोलले, आणि एकात टोक सरळ आत गेले. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या देखभाल खात्यात माझी नोकरी झाली. नळ्या अशा ठोकून पाहणे हेच तिथे माझे काम होते. पत्नीसाठी मी ती नोकरी मुदतीआधी सोडली. पाय गेलेत हे कळायला मला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. पाय एकदम वाकला असता तर कापड फाटून सगळे पाणी एका बाजूला सुटले असते, आणि पाण्यासोबत ती.

त्या बोळात बसून मला आधी भीती वाटायला हवी होती. ती वाटली, पण दुसऱ्या क्रमांकाने. पहिल्यांदा जे वाटले ते हायसे होते. आता हा हौद सोडावा लागेल, आणि सोडण्याचे कारण माझे नसेल, गंजाचे असेल. फिजिओथेरपीच्या बाईंना काय सांगायचे, मुलाला काय लिहायचे, ही वाक्येही तिथल्या तिथे माझ्या मनात तयार झाली. एवढ्या चटकन तयार झाली की ती आधीपासूनच तिथे असली पाहिजेत. मी तोटी पूर्ण उघडली. पाणी पन्हळीतून केळींकडे जाऊ लागले.

पाण्याच्या आवाजाने ती मागच्या दारात आली. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"पानी का सोडलंत?"

"पाय गंजलेत मागचे. आतून पोकळ झालेत."

तिला नवल वाटले नाही, हे माझ्या लक्षात आले. मी हातातली गेरूची खपली तिला दाखवली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"गौरी गेल्या ना, तवापासनं. मागं पान्यात फिरते तवा वरून दिसतं मला. तुमी हिकडं बसता, तुमाला नाय दिसत." झटक्यापासून ती लांब वाक्यांच्या मध्ये थांबते, आणि ऐकणाऱ्यालाही थांबावे लागते. "आधी मी चिंच लावली. दुपारी तुमी बाजारात जायचात तवा. चिंच आनि काथ्या. पितळेच्या तांब्यागत लख्ख झालं."

"लोखंडाला चिंच?"

"मंग काय लावायचं? लख्ख झालं म्हनून सांगते ना. चार दिवसांनी परत तांबडं. पयल्यापेक्षा जास्त. मंग गेरू लावला."

चिंचेच्या आंबटाने वरचा गंज जातो, पण आंबट तिथेच राहिले की लोखंड अधिक वेगाने खाल्ले जाते. त्यावर गेरू, जो ओल धरून ठेवतो. वरून माझी अंदाजपंचे ओतलेली टीसीएल. लोखंडाचे याहून वाईट करायचे तर ठरवून करावे लागले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे ते आले नाही. डोळ्यांपुढे आली ती दुपार: मी घरात नाही, आणि ही बाई त्या अरुंद बोळात, जिथे मला धडधाकट माणसाला बसायला अडचण होते, एका हाताने काथ्या घासते आहे. तिथपर्यंत ती कशी गेली, पडली असती तर कोण येणार होते, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धैर्य नव्हते.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमी सोडला असता हौद."

"सोडावाच लागतो. दुरुस्तीला सोडावाच लागतो."

"सोडलात तर परत भरला नसतात."

"असं कोण म्हणालं?"

"तुमची पाठ म्हनते. पायरीवर बसता ना, तवा."

उत्तरे पुष्कळ होती, सगळी सभ्य. तू असा विचार कसा करू शकतेस. मी कधी एका शब्दाने बोललो का. आणि हे खरेही होते, मी शब्दाने कधी बोललो नव्हतो. आयुष्यभर मी आवाज चढवला नाही याचा मला एक मूक अभिमान आहे, आणि त्या सकाळी प्रथम असे वाटले की हळू बोलण्याआड माणूस बरेच काही ठेवू शकतो. तिने पाच-सहा महिने गंज लपवला होता. मी काय लपवले होते ते तिला पाच-सहा महिने दिसत होते.

मी तोटी बंद केली. अर्धा हौद उरला होता.

"मी दमतो," मी म्हणालो. "रोज सकाळी जाळी हातात घ्यावीशी वाटत नाही. गंज पाहिला तेव्हा मला बरं वाटलं."

तिने दार सोडले आणि उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर बसली.

"ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमालाच म्हाईत नाय."

मग अगदी व्यवहाराच्या आवाजात: "मंग आता काय करायचं? नको असेल तर नको सांगा. पन गंजावर ढकलू नका."

त्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी दिले नाही. उरलेले पाणी मात्र सोडून दिले, कारण तसा हौद भरलेला ठेवणे धोक्याचे होते, आणि हे मी तिला आधी सांगून मग केले.

नंतरचे दिवस कोरडे गेले. मी तिला ओट्यावर चालवत असे. पाय पुन्हा पूर्वीसारखा मागे राहू लागला. एकदा पायरीला अंगठा ठेचला. ती तक्रार करत नव्हती. ती तक्रार करत नाही म्हणजे माझ्यावर दडपण आणते आहे, असे एका संध्याकाळी माझ्या मनात आले, आणि या विचाराने मी स्वतःला इतका नकोसा झालो की उठून शेडमध्ये गेलो आणि चौकट सोडवायला लागलो. निर्णय म्हणण्यासारखे काही माझ्या हातून झाले असेल तर ते एवढेच. त्यात उदारपणा नव्हता. दोन थकव्यांपैकी एक निवडायचा होता, पाण्याकाठचा किंवा तिला ओट्यावर फरफटताना पाहण्याचा. पाण्याकाठचा मला ओळखीचा होता.

नळ्या सुट्या केल्यावर गंजाचा नेमका हिशेब दिसला. काठाच्या आडव्या नळ्या जिथे पायांच्या सांध्यात शिरतात, तिथे तोंडाशी तांबडी कड आली होती, पण आत लोखंड शाबूत होते. ते घासून निघणार होते. मागचे पाय मात्र गेलेच होते. त्यांतला सर्वांत वाईट पाय पिशवीत घालून मी बिरवाडीला फॅब्रिकेशनच्या दुकानात गेलो. दुकानदाराने तो हातात फिरवून पाहिला.

"सर, ह्ये कशाचे पाय? पलंगाचे?"

"पोहण्याच्या तलावाचे."

"तुमच्याकडं तलाव? मंग गेटवर तिकीट लावा की. आमी येतो पोरं घेऊन." आणि मग, "आतून सळई सारतो, वरून वेल्डिंग मारतो. जुनाच चालंल. काय होत नाय."

काही होत नाही, हे ऐकायला बरे वाटले. पण त्या पातळ पत्र्यावर वेल्डिंग टिकणार नव्हते, जळून आरपार गेले असते. मी नवे पाय मागितले, जस्त चढवलेल्या पाइपचे, त्याच मापाचे. त्याने मान डोलावली आणि वर म्हणाला, "म्हशी घालणार आसाल तर आजून जाड देतो." शेजारच्या वहिनीचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे मला माहीत आहे.

बाकीच्या नळ्या आम्ही ओट्यावर मांडल्या. आधी साध्या पाण्याने गेरू आणि चिंचेचा उरलासुरला अंश धुतला, उन्हात खडखडीत वाळवल्या. मग मी तारेच्या ब्रशाने गंज घासत असे, आणि सांध्यांचे लहान तुकडे ती पॉलिश-पेपरने. डाव्या हाताला पकड नाही, पण वजन आहे. ते वजन तिने तुकड्यावर ठेवायचे आणि उजव्याने घासायचे. तिचे तुकडे माझ्या नळ्यांपेक्षा स्वच्छ निघत, कारण ती पुढच्या तुकड्याची घाई करत नसे. बोलणे फारसे होत नव्हते. लोखंडाची भुकटी आमच्या दोघांच्या हातांच्या रेषांत बसली होती, आणि जेवताना साबणाने धुऊनही ताटात तिचा वास येई.

मी प्रायमरचा डबा उघडला तेव्हा तिने आत डोकावून पाहिले.

"हा तर गेरूच."

"गेरू नाही. रेड ऑक्साइड आहे."

"रंग तर तोच हाय."

मी समजावायला तोंड उघडले आणि थांबलो. दोन्हींतला रंग गंजाचाच असतो; फरक एवढाच की गेरू पाण्यात कालवलेला आणि हा तेलात. हे मी तिला सांगितले.

"म्हंजे मी गंजावर गंज लावला," ती म्हणाली, आणि झटका आल्यापासून क्वचितच हसते तसे, तोंडाची एक बाजू मागे ठेवून, हसली. "आनि तुमी फोटो काढलात."

प्रायमरवर करडा रंग दिला. पायांखाली जांभ्याचे चिरे ठेवले, म्हणजे ओल्या जमिनीचा स्पर्श नको. हौद भिंतीपासून पुढे ओढला. आता मागच्या बोळात माणूस नीट उभा राहू शकतो, आणि मी आठवड्यातून एकदा तिथे जाऊन पाय ठोकून पाहतो. टीसीएल मोजून घालतो. हे सगळे आधीही करता आले असते.

हौद भरण्याआधी आणखी एक काम उरले होते, आणि ते मला लोखंडापेक्षा जड गेले. मी वहिनीला घरी बोलावले आणि पत्नीच्या देखत सांगितले की रोज मला हे होत नाही, एक दिवसाआड तू येशील का. असे वाक्य मी आयुष्यात कोणापुढे उच्चारले नव्हते.

वहिनीने आधी पत्नीकडे पाहिले. "बगा. सांगायला येवडा येळ लावला. मी काय कुंपनाव उगीच उभी ऱ्हायची?" मग मला म्हणाली, "पन मला गाऊन घालून पान्यात उतरायला सांगू नका. मी साडीतच."

"साडीत बुडशील गो," पत्नी म्हणाली.

"मंग दोगी बुडू. भाऊजी सुटतील."

पहिल्या दिवशी वहिनी आली तेव्हा मी जाळी फिरवून ठेवली होती. दोघींना शिडीपाशी सोडून मी घरात गेलो. इतक्या मोकळ्या वेळाचे काय करायचे ते मला समजेना. पेपर उघडला, मिटला. चहा केला, कपात ओतला. मागून दोघींचे बोलणे ऐकू येत होते, शब्द कळत नव्हते. तो आवाज ऐकताना कॉटवर जरा पाठ टेकली, आणि झोप लागली.

जाग आली तेव्हा मागे शांत होते. मी दचकून उठलो, तर ती समोर खुर्चीवर बसलेली, कोरड्या साडीत, केस पुसलेले, पायांवर पावडर. वहिनी केव्हाच घरी गेली होती.

"उठवायचं ना मला."

"कशाला?"

"चाललीस का?"

"चालले. वयनीला पन चालवलं. ती भीते पान्याला, सांगत नाय."

मी तिच्या पायाकडे पाहिले. दमलेल्या पायाची बोटे आत वळतात, तशी वळली होती. तिने ती माझ्यापासून लपवली नाहीत.

"उद्या तुमी," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो, "उद्या मी." आणि कपातला चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम करायला आत गेलो.